पिवळ्या रेघेच्या आतलं झाड

मांजर पळवायचं औषध समजून मी मांजर बोलवायचं औषध विकत आणलं आणि ते शेजाऱ्यांच्या नाताळच्या झाडावर शेंड्यापासून बुंध्यापर्यंत नीट फवारलं. बाटलीवर मांजराचं चित्र होतं. मांजर हसत होतं. मी चित्र बघितलं, लेबल वाचलं नाही. माझा धंदा म्हणाल, तर महाळुंग्याच्या एका कारखान्यात मी गुणवत्ता तपासनीस आहे. खोक्यांवरची लेबलं बरोबर आहेत की नाहीत, हे दिवसभर बघण्याचा मला पगार मिळतो.

वरकरणी ही माझी हकिगत वाटेल, पण खरं तर ती फोरमनची आहे. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच फजित्या मी एकट्याने पार पाडल्या. ही एकच अशी, की तिच्यामुळे मला एक माणूस नीट कळला.

कासारवाडीला रेल्वे रुळांच्या अंगाला आमची तीन मजली इमारत आहे. तिसऱ्या मजल्यावर दोनच घरं, दारं समोरासमोर. आम्ही राहायला आलो त्या दिवशी समोरच्या दारातून एक उंच, वाळलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस बाहेर आला. त्याने आमच्या कपाटावर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला. मग फ्रिजवर टकटक केलं. मग टेम्पोवाल्याने जिन्यात टेकवून ठेवलेल्या पलंगावर. मला वाटलं, आता माझ्यावर पाळी येणार.

"कुठे कामाला?" त्यांनी विचारलं.

"चाकणला. महाळुंग्यात."

"खातं?"

"क्वालिटी."

"असं," ते म्हणाले आणि माझ्याकडे पलंगाकडे बघावं तसं बघितलं. "डाव्या पायाचा स्क्रू ढिला हाय बघा." तो स्क्रू पलंगाचा होता, हे कळायला मला थोडा वेळ लागला. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी क्वालिटी झालो. माझं नाव त्यांनी सहा वर्षांत एकदाही घेतलं नाही. ते मात्र साऱ्या इमारतीचे फोरमन होते. पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती, पण सकाळी सातला खाकी शर्टाच्या खिशात स्टीलची पट्टी अडकवल्याशिवाय ते चहा घेत नसत.

फोरमन नेवाशाकडचे. तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर. बायको मिशनच्या दवाखान्यात शिकलेली नर्स. तिला सगळे सिस्टर म्हणायचे, फोरमनसुद्धा. दोघांनी एकमेकांना हुद्द्यानेच हाक मारायची, अशी त्या घरची पद्धत होती. "फोरमन, पानं वाढलीत." "आलो, सिस्टर." ऐकणाऱ्याला वाटावं, आत शिफ्ट बदलतेय.

त्यांचा आवडता शब्द होता पोकायोके. आपल्या भागात कारखान्यात काम करणाऱ्या कोणालाही हा जपानी शब्द विचारा. चूक करायची म्हटलं तरी करता येऊ नये अशी जोडणी, म्हणजे पोकायोके. उलटा बसवायला गेलं तर बसतच नाही असा पार्ट. आम्ही तो शब्द ऑडिटच्या दिवशी वापरतो, फोरमन घरी वापरायचे. त्यांच्या घरातला गॅसचा लायटर साखळीने ओट्याला बांधलेला. मीठ आणि साखरेचे डबे वेगळ्या आकाराचे, झाकणं एकमेकांना लागत नाहीत. चपलांच्या आत लाल आणि हिरवा रंग, डावी उजवी कळावी म्हणून. सिस्टर मला म्हणायच्या, "मला पण एक हिरवा ठिपका लावा म्हणावं, नाहीतर चुकून दुसऱ्याच्या घरी जेवून येतील."

"माणसाला शिव्या देऊन पार्ट सुधारत नसतो," हे त्यांचं दुसरं. "चूक झाली की माणूस बघू नका, जोडणी बघा." मला ते फार पटायचं. माझ्यासारख्या चुका करणाऱ्याला दुसरं काय पटणार?

नाताळ आला की सिस्टर कपाटातून एक खोका काढायच्या. आत कापसात गुंडाळलेल्या काचेच्या घंटा. अंगठ्याएवढ्या, आत काचेचाच लोलक, फुंकर मारली तरी किणकिणणाऱ्या. दवाखान्यातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंनी निवृत्त होताना त्या सिस्टरना दिल्या होत्या, एक डझन. चाळीस वर्षांत चार फुटल्या होत्या. बाकीच्या आठ त्या स्वतः झाडावर टांगायच्या, फोरमनना हात लावू द्यायच्या नाहीत. "तुम्ही टकटक कराल," म्हणायच्या.

आणि मार्था होती. दवाखान्यामागच्या गटारातून सिस्टरनी उचलून आणलेली, करड्या पट्ट्यांची मांजर. बायबलातली मार्था घरकामात सारखी धावत असते. ही पण क्षणभर स्वस्थ बसायची नाही, म्हणून मार्था. झाडाखाली येऊन ती वर बघायची, मागचे पाय आवळायची. सिस्टर स्वयंपाकघरातून न बघताच म्हणायच्या, "मार्था, नको." मार्था शेपूट खाली घालून निघून जायची. त्या घरात त्या एका गोष्टीला पोकायोके लागला नव्हता.

मग सिस्टर गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं.

त्या वर्षी फोरमननी झाड स्वतः मांडलं. घंटा टांगल्या, चष्मा लावून, श्वास धरून. दुसऱ्या दिवशी मार्थाने मागचे पाय आवळले. फोरमन म्हणाले, "मार्था, नको." मार्थाने त्यांच्याकडे बघितलं आणि उडी मारली. झाड आडवं. दोन घंटा गेल्या.

मी धावत गेलो तेव्हा फोरमन फरशीवर उकिडवे बसून काचा वेचत होते. मार्था खिडकीत बसून पाय चाटत होती. मी म्हटलं, "हिला आता बाहेर काढा राव." ते वेचतच राहिले. काचा कागदात बांधल्या, उठले आणि झाडाच्या प्लास्टिकच्या पायावर टकटक केलं. "बूड हलकं हाय," ते म्हणाले. "तिची काय चूक?"

खाली सलीमभाईंचं गॅरेज आहे. तिथून फोरमननी ट्रकचा जुना ब्रेक ड्रम आणला, म्हणजे मी आणि सलीमभाईंनी तीन मजले चढवून आणला. सलीमभाई दर मजल्यावर थांबून विचारायचे, "फोरमनसाब, झाड प्लास्टिकचं ना? का वडाचं लावायलेत?" ड्रममध्ये झाड बोल्टने आवळलं. मार्थाने चार वेळा उडी मारून बघितली. झाड हललं नाही. मग पुढच्या नाताळाला तिने नवीन रीत काढली, बुंध्यावरून वर चढायचं. फोरमननी बुंध्याला पत्र्याची उलटी चाडी, नरसाळ्यासारखी, बसवली. मग ती सोफ्यावरून थेट फांदीवर येऊ लागली आणि आणखी एक घंटा गेली. उरल्या पाच.

दर वेळी फोरमन एका जाड वहीत लिहायचे. रकाने तीन: दोष, कारण, उपाय. टूलरूममध्ये ठेवायचे तशीच वही. कारणाच्या रकान्यात पहिल्यांदा 'मांजर' असं लिहून खोडलेलं असायचं. खोडून पुढे 'बूड हलके'. पुन्हा 'मांजर', खोडून 'बुंधा मोकळा'. मी एकदा विचारलं, "दर वेळी लिहून खोडता कशाला? आधीच विचार करून लिहा की."

"आधी राग येतो ना," फोरमन म्हणाले. "तो पण लिहून काढायचा. मग खोडायचा."

गेल्याच्या आदल्या नाताळाची ही गोष्ट. त्यांचा मुलगा मस्कतला नोकरीला. सून ग्रेस हिंजवडीला कामाला जायची, त्यांच्याच घरी राहायची. तिची छोटी त्या वर्षी रांगायला लागली होती. सापडेल ते तोंडात. डिसेंबर उजाडला तसं ग्रेसने मला आणि फोरमनना समोर बसवून सांगितलं. आवाज अजिबात चढवला नाही, म्हणून जास्त भीती वाटली.

"पप्पा, आईंच्या घंटा लावायला माझी ना नाही. मार्थालाही ना नाही. पण खाली काच सांडली आणि छोटीने तोंडात घातली, तर मी कोणाला तोंड दाखवू? या वर्षी एक जरी घंटा फुटली, तरी मांजर या घरात राहणार नाही."

फोरमननी मान हलवली. बरोबर होतं तिचं.

इथे मी मदत केली. माझी मदत नेहमी अशीच मधे येते. मी म्हटलं, "काळजी नको. आमच्या कॅन्टीनच्या कंत्राटदाराला गोदामात उंदरांसाठी मांजर हवंच आहे. वेळ आली तर मी कंपनीच्या बसमधून घेऊन जाईन."

"बघा पप्पा, सोयही झाली," ग्रेस म्हणाली.

फोरमननी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. ढिला स्क्रू पुन्हा दिसल्यासारखं.

मग ते कामाला लागले. सिस्टरची मांजर आणि सिस्टरच्या घंटा, दोन्ही एकाच खोलीत ठेवायच्या होत्या आणि एकच संधी होती. त्यांनी झाड मांडलं, घंटा न लावता. एक स्टीलची वाटी टांगली आणि खुर्ची टाकून चार दिवस मार्थाकडे बघत बसले. वहीत वेळा लिहायचे. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी माझं दार वाजवलं. पेराने, अर्थातच.

"क्वालिटी, सापडलं. ती मनाने उडी मारतच न्हाई. पावणेआठची लोकल गेली की मारते. मग साडेनऊची गेली की."

"मांजराला लोकलचं काय?"

"चला, का विचारा."

हा त्यांचा खेळ होता. एका चुकीला पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे मुळाशी जातो. तेही कारखान्यातलंच. उडी का मारते? टांगलेली वस्तू वाजते म्हणून. का वाजते? झाड थरथरतं म्हणून. का थरथरतं? इमारत हलते म्हणून. का हलते? लोकल जाते म्हणून. "आणि लोकल का जाते, हा पाचवा," फोरमन म्हणाले. "तिथे आपलं चालत न्हाई."

सलीमभाईंकडून इंजिनाखाली बसवतात ते रबरी गुट्टे आले. ब्रेक ड्रम त्यावर बसला. पावणेआठची लोकल गेली, वाटी गप्प. मार्थाने एक कान हलवला आणि झोपली. मग फोरमननी घंटा लावल्या, पाचही, वरच्या दोन थरांत. खालच्या थरांना वॉशर आणि जुनी चकचकीत बेअरिंगं, पडली तरी कोणाचं काही जाणार नाही अशी. आणि झाडाभोवती चार फुटांवर फरशीवर पिवळी चिकटपट्टी लावली, मशीनभोवती असते तशी. आपल्याकडे कारखान्यात पिवळ्या रेघेच्या आत कामाशिवाय पाय टाकत नाहीत.

मी म्हटलं, "मार्थाला काय कळणार पिवळी रेघ?"

"तिच्यासाठी न्हाई ती," फोरमन म्हणाले.

मला वाटलं, छोटीसाठी असेल.

आठ दिवस झाले. एकही उडी नाही. मार्था झाडाखाली झोपायची. फोरमनच्या चेहऱ्यावर सिस्टर गेल्यानंतर पहिल्यांदा काहीतरी सुटल्यासारखं दिसत होतं. जिन्यात भेटले की म्हणायचे, "आठ दिवस शून्य दोष, क्वालिटी." त्यांचा एक नियम असा होता, की चालू मशीनला हात लावू नये. नीट चाललंय ना, मग खिशात हात घालून उभं राहायचं. खिशात हात घालून उभं राहणं मला जन्मात जमलेलं नाही.

तेवीस तारखेला संध्याकाळी त्यांच्या चर्चच्या मंडळीची गाणी म्हणणारी पार्टी घरोघर फिरते. वीस-पंचवीस माणसं, गिटार, ढोलकी. दार उघडं, गडबड, पाय. मला धास्ती वाटली. गोदामाची ती गोष्ट मीच बोललो होतो आणि तेव्हापासून मार्था माझ्याकडे बघेनाशी झाली होती. निदान मला तसं वाटत होतं. म्हणून मी ते हसऱ्या मांजराचं औषध मागवलं होतं. कोणाला न सांगता. नंतर कळल्यावर सगळे म्हणतील, अरे, हे तर यांनी केलं होतं. तसं म्हणाले, पण वेगळ्या अर्थाने.

पाचच्या सुमाराला फोरमन केक आणायला पिंपरीला गेले होते. ग्रेस करंज्या तळत होती. तिने हाक मारली, "दादा, पाच मिनिटं छोटीला घ्या ना." मी छोटीला एका हातावर घेतलं, दुसऱ्या हाताने खिशातून बाटली काढली, पिवळी रेघ ओलांडली आणि फवारा मारला. छान पुदिन्यासारखा वास आला. छोटी हसली. मांजरही हसत होतं. मी पण हसलो.

साडेसहाला पार्टी आली. पहिलं गाणं बरं झालं. दुसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला मार्था पाहुण्यांच्या पायांतून आली, झाडाला गाल घासला, मग दुसरा गाल. मग उताणी पडून ब्रेक ड्रमभोवती लोळू लागली. मग जिन्यातून सलीमभाईंच्या गॅरेजचा बोका आला. त्याच्या मागे पहिल्या मजल्यावरच्या दोन. पास्टर डोळे मिटून गात होते, म्हणून त्यांना ढोलकी का थांबली ते कळलं नाही. बोक्याने सोफ्यावरून झेप घेतली ती थेट वरच्या थरावर. मार्था त्याच्या मागे. फोरमननी दोन्ही हात पुढे केले. चार घंटा हलल्या आणि राहिल्या. पाचवी फरशीवर पडली. आवाज इतका बारीक होता, की गाणं थांबलं नसतं तर कोणाला ऐकू आला नसता.

ग्रेस गर्दीतून पुढे आली. तिने छोटीला उचललं, आत नेलं, मग केरसुणी घेऊन बाहेर आली. फोरमन झाडाजवळ उभे होते. त्यांनी एका फांदीला नाक लावलं. मग माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

घरी येऊन मी पहिल्यांदा लेबल वाचलं. बारीक अक्षरांत होतं: मांजरांना आकर्षित करण्यासाठी. मी बाटली कपाटात, माझ्या पँटच्या खाली ठेवली. सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "काय लपवताय?" मी म्हटलं, "काही नाही." मी कबूल करायला हवं होतं. पण मला वाटलं, ग्रेस एका रात्रीत विसरेल. सगळे विसरतील. मी फार आशावादी माणूस आहे, विशेषतः चूक माझी असली की.

सकाळी सव्वासातला फोरमन दारात उभे होते. हातात वेताची झाकणाची टोपली. आतून मार्था बघत होती. "शब्द दिलाय ग्रेसला," ते म्हणाले. "चला, तुमच्या बसपर्यंत येतो."

आम्ही स्टॉपवर गेलो. फोरमननी टोपली दोघांच्या मधे कठड्यावर ठेवली. बस न येण्याची मी इतकी वाट कधी पाहिली नव्हती. पावणेआठची लोकल धडधडत गेली. टोपलीत मार्थाचे कान ताठ झाले. ती आमच्या इमारतीकडे तोंड करून ऐकत राहिली.

"क्वालिटी," फोरमन म्हणाले, "झाडाला पुदिन्याचा वास का येतोय?"

"फवारा मारला होता."

"का?"

"मांजर जवळ येऊ नये म्हणून."

"मग का आल्या?"

"बाटली उलटी निघाली. बोलवायची."

"ती का आणली?"

"चित्र बघून. लेबल नाही वाचलं."

समोरून बस वळताना दिसली. "का न्हाई वाचलं?" त्यांनी विचारलं. पाचवा 'का'.

मग खरं तेच निघालं. "दिवसभर दुसऱ्यांची लेबलं वाचतो हो. घरी आल्यावर कंटाळा येतो."

बस थांबली. दार उघडलं. ड्रायव्हर टोपलीकडे बघून म्हणाला, "भाऊ, डब्बा लई मोठा हाय आज." मी चढलो नाही. बस गेली. त्या दिवशी माझा खाडा पडला.

मला वाटलं, आता फोरमन बोलतील. एक शब्द बोलले असते तरी मला हलकं वाटलं असतं. ते म्हणाले, "पाचही उत्तरं ग्रेसला तुम्हीच सांगा. मी सांगितलं, तर मांजराची बाजू घेतो म्हणेल. आणि ती बाटली आणा. लेबलाचं अर्धंच वाचलं असणार तुम्ही."

ग्रेसला मी पाचही उत्तरं सांगितली. ती पोळपाटावर लाटणं ठेवून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे महाळुंग्याला पाठवायचं ते तुम्हाला."

"मी रोज जातोच," मी म्हटलं.

"तरी परत येता," ग्रेस म्हणाली. पण टोपलीचं झाकण तिनेच उघडलं.

फोरमननी बाटली डोळ्यांजवळ धरून लेबल पूर्ण वाचून काढलं. खाली आणखी एक ओळ होती, जी मी आदल्या संध्याकाळीही वाचली नव्हती: खेळण्यावर किंवा खाजवण्याच्या खांबावर फवारावे. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "औषध चांगलं हाय वो. जागा चुकली."

दुपारपर्यंत सलीमभाईंच्या गॅरेजमधून एक जुना सायलेन्सरचा पाइप आला. त्याला पोत्याचं गोणपाट गुंडाळून वर काथ्या आवळला, जुन्या चाकाच्या रिमवर उभा केला आणि गॅलरीत ठेवला. छोट्या वॉशरांच्या दोन माळा सोडल्या. सलीमभाई कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "चला, एक फोरमनसाबचं झाड, एक मांजरीचं. आता ईदला आमच्या बोक्याला पण काहीतरी बनवा." नाताळचं झाड साबणाच्या पाण्याने मी पुसलं, फांदी न् फांदी. फोरमन पिवळ्या रेघेबाहेर खुर्ची टाकून देखरेख करत होते. मग उरलेली बाटली पाइपावर रिकामी केली, त्यांनी स्वतः.

पंचवीस तारखेला सकाळी मी गेलो, तेव्हा दिवाणखान्यात चार घंटा जागच्या जागी होत्या, छोटी रांगत होती, आणि गॅलरीत मार्था पाइपाला मिठी मारून उताणी पडली होती. तिच्या दोन्ही बाजूंना बोका आणि पहिल्या मजल्यावरच्या दोघी. फोरमन दारात उभे राहून ते बघत होते, हात खिशात.

"सिस्टरला आवडलं असतं," ते म्हणाले. एवढंच. मग माझ्या हातावर करंजी ठेवली आणि सवयीने तिच्यावर टकटक केलं.

पुढच्या नाताळाला फोरमन नव्हते. गणपती उठले त्याच आठवड्यात, दुपारच्या चहानंतर खुर्चीत बसल्या बसल्या गेले. खिशात पट्टी तशीच होती. मी खांदा द्यायला पुढे झालो आणि पेटीवर हात ठेवला, तेव्हा बोटाचं पेर आपसूक वाकलं. मी टकटक केलं नाही. केलं असतं, तर त्यांना आवडलं असतं की नाही, हे अजून ठरत नाही.

ऑक्टोबरमध्ये ग्रेसने हिंजवडीजवळ घर घेतलं, ऑफिसच्या जवळ. मार्थाला टोपलीत घालून नेलं. तिथे तिने दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, म्हणून ग्रेसने परत आणली. तेव्हापासून ती आमच्याकडे आहे. म्हणजे झोपते आमच्याकडे, बाकी वेळ समोरच्या बंद दाराशी बसते. डिसेंबर लागला तसं तिचं ते बसणं बघवेना. सुनंदा म्हणाली, "आणा एक झाड. माणसांसाठी नको, तिच्यासाठी आणा." मी आणलं. ब्रेक ड्रम, रबरी गुट्टे, चाडी, सगळं ग्रेसने जाताना आमच्या माळ्यावर ठेवलं होतंच. मोजून चार फुटांवर पिवळी चिकटपट्टी लावली. गॅलरीत पाइप उभा केला. नवीन बाटली मी आणली नाही, सुनंदाने आणली आणि दोनदा वाचून दाखवली.

चोवीस तारखेला ग्रेस आली. कडेवर छोटी, हातात कापसाचा खोका. "चार होत्या," ती म्हणाली. "दोन माझ्याकडे, दोन मार्थाकडे. पप्पा असंच म्हणाले असते." खोक्याखाली ती जाड वही होती. "ही पण इथेच राहू दे. माझ्या घरी कोणाला कळणार?"

छोटीला सुनंदाकडे देऊन ग्रेसने वही उघडली. मी एक घंटा हातात घेऊन झाडाजवळ गेलो. जपून, श्वास धरून, फोरमन धरायचे तसा. ग्रेस शेवटच्या नोंदीपाशी थांबली आणि वाचू लागली.

"दोष: घंटा एक फुटली. कारण: मांजर. खोडलंय. पुढे, क्वालिटी."

"ते नाही खोडलं?" मी विचारलं.

"नाही." ग्रेसने पान उजेडात धरून बघितलं. "खोडायला घेतलं होतं वाटतं. एक रेघ अर्धी मारलीय आणि सोडून दिलीय."

"आणि उपाय?"

"उपाय: माणूस चांगला आहे. बदलू नये. झाडापासून चार फूट लांब उभा करावा."

पावणेपाचची लोकल गेली, गुट्ट्यांवर झाड हललं नाही, मार्थाने एक कान उचलून ठेवला. हातातली घंटा मात्र किणकिणली. मी ती फांदीकडे न्यायला वाकलो.

ग्रेसने वही मिटली, माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाली, "दादा, तुम्ही रेघेच्या आत आहात. घंटा माझ्याकडे द्या आणि मागे व्हा."